बासष्ट जण येणार आहेत

दोलेन ब्रोद
रविवार, ३१ मार्च २०२४

नेवेनाताई,

मायना काय घालावा हे सुचेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. तीन वर्षं तू माझा फोन उचलला नाहीस, निरोप उघडले नाहीस, म्हणून हे मित्कोच्या गाडीतून पाठवतोय. दर सोमवारी तो इथून इटलीत, तुमच्या बोलोन्याला निघतो. गावातल्या आयांची लोणची तिकडे नेतो, लेकींनी दिलेली औषधं इकडे आणतो. त्यात माझं एक पाकीट त्याला जड नाही.

मुद्द्याचं लिहितो. फुलांच्या रविवारी, तुझ्या नामदिनाला, येऊ नकोस.

छत गळतंय. आपल्या गिरणीच्या गल्लीत नळ घालायला रस्ता खणून ठेवलाय, गाडी दारापर्यंत येणार नाही. स्वयंपाकघरातल्या शेगडीचं धुराडं चोंदलंय.

गावच्या ऑनलाइन चावडीवर, 'पाणवठ्या'वर, तू लिहिलेलं वाचलं. ती चावडी मीच चालवतो, तेव्हा वाचणारच. 'चौदा वर्षांनी नामदिन घरी करणार. दार उघडं ठेवीन, ज्याला यायचं त्यानं यावं. गाव भेटलं की ठरवीन, इथली नोकरी सोडून कायमचं परत यायचं का ते.' खाली बासष्ट जणांनी 'येतो' म्हटलंय.

ताई, लोक बोलतात. बोलायला काय जातं? नामदिनाला आपल्याकडे बोलावणं लागत नाही हे खरं, पण म्हणून कुणी येतंच असंही नाही. शरद ऋतूत ये. तोवर छताचं बघतो.

ओगी


दोलेन ब्रोद
रविवार, ७ एप्रिल

नेवेनाताई,

उत्तर आलं, पण मला नाही. ते तू स्तांका बोझिलोवाला, पाणवठ्यावर भेटलेल्या तुझ्या त्या म्हाताऱ्या मावशीला दिलंस, तिथेच, सगळ्यांसमोर. 'मावशी, तीन वर्षांनी भावाचं पत्र आलं, आणि आत काय, तर येऊ नकोस! छत गळतंय म्हणे. घरात वाटा मागेन अशी भीती वाटत असणार.' खाली चौतीस जणांनी माझ्या नावानं बोटं मोडली. एकानं मला बांडगूळ म्हटलंय. शब्द ओळखीचा आहे, मीच तो बरेचदा वापरतो.

तेव्हा आता खरं लिहितो. छत गळत नाही. ते बासष्ट जण नाहीतच.

पाणवठ्यावर नऊशे चाळीस नावं आहेत. जिवंत माणसं अकरा, तुला धरून. शाळा बंद झाली, माझी मास्तरकी गेली, त्या वर्षी मी ही चावडी सुरू केली तेव्हा तिच्यावर खरी भांडणं व्हायची. कुणाचं कुत्रं कुणाला चावलं, बस वेळेवर का येत नाही, पाववाल्यानं पिठात काय घातलं. मग एकेक जण जर्मनीला गेला, स्पेनला गेला, नाहीतर वर टेकडीवर मातीत गेला. एकदा नऊ दिवस कुणी एक अक्षर लिहिलं नाही. दहाव्या दिवशी मी लाझार तोमोव असं नाव घेऊन लिहिलं, 'आज पाव कच्चा होता.' आणि मीच त्याला उत्तर दिलं, 'तुझे दात कच्चे असतील.' लाज राखण्यासाठी जन्माला घातलेलं ते पहिलं माणूस. तेव्हा हसू आलं होतं.

पुढे जिल्ह्याच्या शहरातून द्राझेव साहेब आला. मेलेली गावं जिवंत दाखवायचा त्याचा धंदा. आमच्या महापौराला कागदोपत्री हलतं-बोलतं गाव हवं होतं, माझ्याकडे चावडी होती. आता भाजीच्या दुकानावरच्या खोलीत मी आणि दाफिना बाई समोरासमोर बसतो आणि दिवसभर गाव होतो. हो, त्याच दाफिना बाई, ज्यांनी आपल्याला व्याकरण शिकवलं आणि एका स्वल्पविरामासाठी तुला बाकावर उभं केलं. पेन्शनीत हिवाळा निघत नाही, म्हणून त्या आल्या. द्राझेवचा नियम असा की प्रत्येक नावाला एक ठरलेली चूक हवी, त्याशिवाय माणूस खरं वाटत नाही. लाझार स्वल्पविराम देत नाही. पेंचो एकाच शब्दाची दोन स्पेलिंगं करतो. बाई आधी शुद्ध लिहितात, मग डोळे मिटून बिघडवतात. त्या वेळी त्यांचं तोंड बघवत नाही.

नावं कुठून येतात, तेही वाच. बसस्थानकाच्या भिंतीवर निधनपत्रकं लागतात ना, फोटो, नाव, खाली दुःखांकितांची यादी. माणूस गेल्यावर एक, मग चाळीस दिवसांचं, सहा महिन्यांचं, वर्षाचं. डिंक सुटला की ती खाली पडतात, मी उचलून आणतो. एकाचं नाव, दुसऱ्याचं आडनाव, तिसरीचा चेहरा. मेलेलं माणूस तक्रार करायला येत नाही. सुरुवातीला ते कागद मी घडी करून खिशात लपवायचो. हल्ली पिशवी घेऊन जातो. हे लिहिताना स्वतःच्या हातांची शिसारी आली, म्हणून उठून ते धुऊन आलो.

तुझ्या स्तांका मावशीचं मला नक्की माहीत नाही. ती खरीही असेल.

येऊ नकोस, ताई. रिकाम्या अंगणात तू बासष्ट पानं मांडून बसलेली मला बघवणार नाही.

ओगी


दोलेन ब्रोद
रविवार, १४ एप्रिल

ताई,

तू पुन्हा स्तांकालाच विचारलंस. 'मावशी, भाऊ म्हणतो तुमच्यातलं कुणीच खरं नाही. तुम्ही तरी खऱ्या ना?'

मी तेव्हा खोलीत नव्हतो, पोस्टात गेलो होतो. परत आलो तर उत्तर गेलेलं. 'मि खरि नाहि तर काय भुत आहे? असला भाउ कुणाला नको. तु ये बाळ, मासे मि तळिन.' दाफिना बाईंनी लिहिलं. विचारलं तर म्हणाल्या, "अरे ओगी, प्रश्न आला, उत्तर दिलं. कामच आहे ते आपलं. ऱ्हस्व सगळे बरोबर पडलेत ना?"

मग मी स्वतःच्या नावानं, पहिल्यांदाच, पाणवठ्यावर लिहिलं की हे सगळं खोटं आहे, नेवेना, येऊ नकोस. सात मिनिटं ते राहिलं. तेवढ्यात माझीच तीस माणसं माझ्यावर तुटून पडली. जिल्ह्याच्या कार्यालयातून कुणीतरी त्यांना चावी दिली. लाझार म्हणाला की मी दारू पितो. मग लिहिलेलं उडालं, आणि चावडी चालवायची माझ्याकडची किल्लीही गेली.

द्राझेवचा फोन आला. "वेडा झालास का? 'गाव लेकीला हाक मारतं', छापून आलंय पेपरात! बायका रडतायत वाचून. आणि तू तिला येऊ नको म्हणतोस?"

"ती माझी बहीण आहे," मी म्हणालो.

"मग तर बरंच झालं. स्टेशनवर घ्यायला जा, फोटो काढू."

ओगी


दोलेन ब्रोद
रविवार, २१ एप्रिल

ताई,

स्तांका मी आहे.

चार वेळा हे वाक्य लिहून कागद फाडला. आता राहू देतो. खोटं वाटत असेल तर तिच्या नावानं आत जाऊन स्वतः बघ. तिचा पासवर्ड आपल्या शेळीचं नाव आहे, 'रूसा'. यादीत दाफिना बाईंकडेही तो आहे, पण शेळीचं दूध कुणी चोरून प्यायलं होतं ते त्यांना माहीत नाही.

तू माझ्याशी बोलत नव्हतीस. पाणवठ्यावर मात्र आलीस, विचारलंस की आता गल्लीत कोण राहतं, आणि ओगी म्हणून उत्तर दिलं असतं तर तू निघून गेली असतीस. म्हणून भिंतीवरून एक म्हातारी आणली. वरच्या खेड्यातली, म्हणजे तुला ओळखू येणार नाही अशी. तिला ऱ्हस्व दिले. शाळा अर्ध्यात सुटलेली बाई, असं ठरवलं. पहिल्या दिवशी तिनं तुला विचारलं, 'जेवलिस का?' आणि तू इतकं लांबलचक उत्तर लिहिलंस की मी खुर्चीतून उठलोच नाही.

इथवर असतं तरी तू कदाचित हसली असतीस. पुढचं हसण्यासारखं नाही.

जानेवारीत तू तिला सुपाचं लिहिलंस. आई गेल्याचा फोन आला तेव्हा तू तुझ्या सिन्योराला, सांभाळतेस त्या इटालियन म्हातारीला, सूप भरवत होतीस. फोन ठेवलास आणि उरलेलं सूप भरवलंस, कारण ते गार झालं असतं. 'मावशी, मी रडायच्या आधी वाटी संपवली. हे आजवर कुणाला सांगितलं नाही.' स्तांकानं उत्तर दिलं, 'बाळ, तुझ्या आइनंहि तेच केलं असतं.' ते मी मनापासून लिहिलं होतं. तेवढंच.

दोघींतलं खासगी बोलणं द्राझेवला दिसतं. त्यानं सकाळीच फोन केला, "अरे, सोनं आहे हे! वापर." मी वापरलं. हॅम्बर्गमधली एक परिचारिका बनवली, तिच्या तोंडी घातलं. पुढच्या आठवड्यात सायप्रसमधल्या एका स्वयंपाकिणीच्या तोंडी. सुपाच्या जागी लापशी केली. दोनशे लोकांनी हृदयं दिली. ती हृदयंही आमचीच होती, मी आणि दाफिना बाई दुपारभर बसून दाबत होतो. मध्येच बाई म्हणाल्या, "कुणाची तरी खरी गोष्ट असावी रे ही." मी म्हटलं, "नाही, मीच रचली." आणि चहा प्यायलो. ताई, गटारात पडलेलं माणूस निदान बाहेर यायला धडपडतं. मी चहा प्यायलो.

आता आईच्या निधनपत्रकाचं. त्याचा फोटो तुला कुणीतरी पाठवला आणि तेव्हापासून तू अबोला धरलास. 'दुःखांकित: मुलगा ओग्न्यान.' बस. छापणाऱ्यानं विचारलं होतं, "बहिणीचं नाव?" मी म्हणालो, "जी आलीच नाही तिला कसलं दुःख?" साथीच्या दिवसांत तुला निघता येत नव्हतं हे मला पक्कं माहीत होतं. मी एकट्यानं आईला उचललं याचा राग होता, तो कुणावर तरी काढायचा होता. त्या भिंतीवरून मी शेकडो नावं उचलली आणि तिच्यावर लावायचं एक तुझं नाव गाळलं.

तुझ्या आमंत्रणाखाली पहिलं 'येते' स्तांकाचं होतं. मला तू यायला हवी होतीस, त्याहून जास्त विचार मी केला नाही. पहिल्या होकाराखाली बाकीचे यायलाच हवेत, तो आमचा रिवाज आहे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एक्केचाळीस माझे झाले, एकवीस बाईंचे.

हे पत्र तुला गाडीत बसायच्या आधी मिळेल असं मित्को म्हणतो. बसू नकोस. नोकरी सोडू नकोस. आणि बसलीसच तर त्यांच्यासाठी येऊ नकोस.

ओगी


दोलेन ब्रोद
रविवार, ९ जून

नेवेनाताई,

त्या दिवसाबद्दल तुलाच काय सांगायचं? पण तो माझ्याकडून कसा दिसला हे तुला माहीत नाही, म्हणून लिहितो.

मित्कोनं मला शनिवारीच सांगितलं होतं. पत्र तू गाडीत बसल्यावर उघडलंस, सर्बिया येईपर्यंत दोनदा वाचलंस, मग त्याच्याकडे प्लास्टिकची पिशवी मागितलीस आणि तिच्यात ओकलीस. तो म्हणाला, "घाटाची वळणं फार रे."

मला वाटलं, तू दार लावून बसशील, म्हणून तू यायच्या आधीच मी घर सोडून दुकानावरच्या खोलीत झोपायला गेलो होतो. रविवारी चर्चमध्ये त्या दिवशी वाटतात ती विलोच्या झाडाची डहाळी घेऊन गल्लीत आलो, अकराच्या सुमाराला, तर दार सताड उघडं. अंगणात दारं-फळ्या जोडून केलेलं लांब टेबल, त्यावर बोलोन्याहून आणलेल्या कागदी ताटल्या, बासष्ट. मक्याच्या पिठात तळलेले मासे. द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून केलेल्या सरम्यांची ती मोठी पातेली, आईची. सगळं वाचूनही तू शनिवारभर रांधत होतीस. अंगणात माणूस मात्र एकही नाही. तू आईचा निळा झगा घालून टेबलाच्या टोकाला उभी होतीस. चौदा वर्षांत तू म्हातारी झालीस, ताई. मीही झालोय, तू तसं तोंडावर दाखवलं नाहीस इतकंच.

मी फाटकात घुटमळत होतो. बोलावणं लागत नाही, हे मनाला दोनदा सांगितलं आणि आत आलो.

तू म्हणालीस, "या. किती जण आलात?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. म्हणालो, "एक्केचाळीस."

"बसा."

तू कागद काढलास. सगळी नावं हातानं लिहून काढली होतीस.

"लाझार तोमोव?"

"ताई..."

"लाझार तोमोव आलेत का?"

"आलेत."

"घ्या." एक सरमी. "पेंचो व्हेलकोव? घ्या. लाजू नका, तुम्ही भावाला बांडगूळ म्हणालात ते छान म्हणालात. हॅम्बर्गच्या परिचारिकाबाई? तुमची लापशीची गोष्ट वाचली हो, फार रडले. घ्या."

मी खात गेलो. दहापर्यंत चव लागली, आईच्या हातचीच चव, ती तुझ्या हातात कशी आली कोण जाणे. पंधराव्या नावानंतर फक्त तेल लागत होतं. सत्ताविसाव्याला कुंपणाशी जाऊन ओकलो. तू मागे आलीस, पाणी दिलंस, तोंड धुऊ दिलंस. मला वाटलं सुटलो. तू म्हणालीस, "अजून चौदा जण उपाशी आहेत."

हे तुला दिसलं नसेल: तेव्हा फाटकाशी दाफिना बाई आल्या होत्या. त्यांचंही नाव तुझ्यासारखं फुलाझाडाचं, नामदिन त्याच दिवशी. हातात केकची ताटली होती. तू नावं वाचत होतीस ती त्यांनी ऐकली, आणि ताटली छातीशी धरून मागे वळल्या. त्यांचे एकवीस राहिलेच.

शेवटचं नाव तू मुद्दाम मागे ठेवलं होतंस. "स्तांका बोझिलोवा." मी 'आलेत' म्हणायला तोंड उघडलं तर तू हात वर केलास.

"तू गप्प बस. सुपाचं मी एका बाईला सांगितलं होतं. तुला नाही. तिला बोलव."

"ताई, मीच..."

"तुला ओळखते मी. तिला बोलव, ओगी. मला तिचं तोंड बघायचंय."

मी कुणाला बोलावणार होतो? तू एका ताटलीत मासा वाढलास, चार सरम्या वाढल्यास, ताटली समोर ठेवलीस आणि रडलीस. माझ्यासाठी नाही, हे मला कळत होतं. त्या बाईसाठी. तुझं एक माणूस गेलं होतं, आणि त्याला मारणारा समोर बसून दातांतलं पान काढत होता. मला माझी इतकी घाण कधी वाटली नव्हती. आजही वाटते, सकाळी दात घासताना सुद्धा.

सोमवारी तू मित्कोबरोबर परत गेलीस. नोकरी सोडली नाहीस, ते बरं झालं, असं म्हणायला माझं तोंड नाही.

मी त्या खोलीत परत गेलो नाही. द्राझेवचं काही अडलं नाही. माझी माणसं बाईंच्या यादीत गेली. पाणवठा जोरात आहे. तुझ्या नामदिनाचं वर्णनही आलंय, बासष्ट पाहुणे, नाचगाणी, लाझारनं म्हणे अकॉर्डियन वाजवलं. आता बसस्थानकाच्या भिंतीखालचे कागद मी गोळा करतो आणि परत चिकटवतो. डिंकाचा डबा घेऊन फिरतो, लोक बघतात. बघू देत.

येत्या शुक्रवारी आईला तीन वर्षं होतील. तीन वर्षांच्या निधनपत्रकाचा नमुना सोबत ठेवलाय. 'दुःखांकित: मुलगी नेवेना, मुलगा ओग्न्यान.' तुझं नाव आधी. माझं नाव नको वाटत असेल तर खोड, मी तसंच छापीन.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. परवा, शुक्रवारी, मला पाणवठ्यावरून खासगी निरोप आला. स्तांका बोझिलोवाकडून. 'ओगि, जेवलास का?'

गी ऱ्हस्व.

दुपारचा मी ते बघत बसलोय. शेळीचं नाव तुला मी कळवलं होतं, म्हणजे ती तू असशील. टोमणा असेल, किंवा नसेल. दोन्ही मला चालेल, ताई, दोन्ही मी डोक्यावर घेईन. पण शेळीचं नाव बाईंच्या यादीतही आहे. माझ्याशिवाय माझी एक्केचाळीस माणसं त्यांना झेपत नाहीत, आणि मला परत खुर्चीत बसवायला काय लिहावं हे द्राझेवला बरोबर कळतं. ऱ्हस्व सगळे अचूक पडलेत. तोच निरोप मी दहा वेळा उलटसुलट करून वाचला, आणि बहीण कुठली आणि बाई कुठल्या हे मला सांगता येईना. ही विद्या मीच शिकवली आहे.

मी उत्तर दिलेलं नाही. देणारही नाही, तिथे नाही.

ती तू असशील तर कागदावर लिही. उद्या मित्को हे घेऊन निघतोय, परत येताना त्याच्याकडे दे. एक ओळ पुरे, शिवी असली तरी चालेल. तुझं अक्षर मला ओळखता येतं.

ओगी, एकटाच